पाच डॉक्टर, चौदा गोळ्या. बेरीज कोण करणार?

आपल्याकडे अलीकडे माणसाची प्रतिष्ठा त्याच्या डॉक्टरांच्या संख्येवरून ठरू लागली आहे. पूर्वी लग्नकार्यात चार पाहुणे भेटले की पाऊसपाणी, तंबाखूचा दर, मुलांच्या नोकऱ्या असे विषय निघत. आता साठीच्या पुढची दोन माणसे मांडवात शेजारी बसली की ‘हार्टला कोल्हापूर, शुगरला बेळगाव, गुडघ्याला मिरज आणि डोळ्याला हुबळी’ अशी यादी ऐकू येते. सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. मुलगा आपल्यासाठी एवढे करतो, हे त्यातून सुचवायचे असते. ऐकणारा मान डोलावतो. पण या चारही गावांहून आलेल्या गोळ्या शेवटी एकाच पोटात जातात, आणि तिथे गेल्यावर त्यांचे एकमेकींशी पटते की नाही हे बघणारा कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तो प्रश्न मी इथे विचारणार आहे, आणि जरा चढ्या आवाजात विचारणार आहे. निपाणीत पस्तीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवले. डॉक्टरला त्याची स्वतःची चिठ्ठी दिसते. काउंटरच्या आत उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यांच्या दिसतात. त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो: तीन-चार जुनाट आजार असलेल्या माणसाच्या औषधांच्या संपूर्ण यादीला आज आपल्याकडे मालक नाही. प्रत्येक गोळीला डॉक्टर आहे, यादीला कुणीच नाही. ती बेवारस आहे.

आमच्या गल्लीतल्या एका आक्कांचे उदाहरण घ्या. वय चौऱ्याहत्तर. उमेदीची सगळी वर्षे तंबाखूच्या वखारीत गेलेली. मुले पुण्यात चांगली कमावती झाली आणि आईच्या उपचारांत काही कमी पडू द्यायचे नाही असा त्यांनी चंगच बांधला. कोल्हापूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी दिली. योग्यच दिली. ॲम्लोडिपिनने काही जणांच्या घोट्याला सूज येते, तशी आक्कांच्या आली. ती सूज घेऊन त्या गावातल्या एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी पाय दाबून पाहिले, खड्डा पडतोय म्हणाले, आणि लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी लिहून दिली. पुढे गुडघे धरले. हाडांच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅक दिले, सकाळ-संध्याकाळ. साखरेसाठी बेळगावची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन आधीपासून चालू होतीच.

आता आत काय घडत होते ते शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकांना चटकन कळेल. मूत्रपिंड म्हणजे पाटाच्या पाण्यावर चालणारे शेत समजा. लघवीच्या गोळीने पाटातले पाणीच कमी केले. वेदनाशामक गोळीने पाणी आत येण्याचे दार अरुंद केले. टेल्मिसार्टनने बाहेर जाण्याचे दार सैल केले. यातली एकेक गोष्ट शेत सोसते. तिन्ही एकदम झाल्या की वाफे कोरडे पडतात. ही जोडगोळी नव्हे, तिकडी, वैद्यकाच्या पुस्तकांत नावानिशी धोक्याची म्हणून नोंदलेली आहे. मूत्रपिंड मंदावले की ग्लिमेपिराइडचा अंमल शरीरात नको तितका रेंगाळतो, आणि साखर भलत्या वेळी खाली येते. आक्कांना गरगरायला लागले. गरगरण्यावर आणखी एक गोळी आली!

तिसरी चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हाच मी हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. पेशंट टेल्मिसार्टन आणि फ्युरोसेमाइडवर आहे, वयही झाले आहे, वेदनाशामकाचा फेरविचार व्हावा, असे नम्रपणे सांगितले. उत्तर मिळाले, ‘‘तुम्ही गोळ्या मोजा, उपचार आम्ही करतो.’’ महिनाभरात आक्का पहाटे तीनला लघवीला उठल्या आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कोसळल्या. खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात साखर तपासली तेव्हा ती चाळीसच्या घरात होती. शस्त्रक्रिया झाली, घरी आल्या, पण डिस्चार्ज कार्डावर टेल्मिसार्टन वेगळ्या कंपनीच्या नावाने लिहिलेले होते, आणि घरातले जुने पाकीट अजून संपलेले नव्हते. सून बिचारी इमानेइतबारे दोन्ही देत राहिली. आठ दिवसांनी तिने दोन्ही पाकिटे माझ्यासमोर ठेवून विचारले, ‘‘काका, ह्यातली जेवणाअगोदरची कुठली?’’ तेव्हा उलगडा झाला. आक्का त्यानंतर वाकरच्या आधाराने खाटेपासून खिडकीपर्यंत चालत. पुढे तेवढेही राहिले नाही.

वाचकहो, यात अपराधी कोण? कोल्हापूरची चिठ्ठी बरोबर. बेळगावची बरोबर. गुडघ्याचीही, नुसता गुडघाच बघितला तर, बरोबर. प्रत्येक आकडा बरोबर होता, बेरीज चुकली. ती चुकली कारण ती करण्याचे काम कुणाकडेच नव्हते. बाईच्या नशिबावर बिल फाडून सगळे मोकळे झाले.

यावर लगेच म्हटले जाईल की हा एखाद्या डॉक्टरचा हलगर्जीपणा, सगळ्यांना कशाला धरता? मी उलट म्हणतो. हलगर्जी डॉक्टर ओळखता येतो, बदलता येतो. इथे दोष व्यवस्थेच्या मुळात आहे. २००५ साली अमेरिकेत सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली. तिला रक्तदाब, मधुमेह, सांध्यांची झीज, हाडांचा ठिसूळपणा आणि फुप्फुसाचा जुनाट विकार असे पाच आजार दिले. आणि प्रत्येक आजाराची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे काटेकोर पाळली तर काय होईल ते पाहिले. त्या बाईला १२ औषधे घ्यावी लागली. शिवाय एका आजाराचा सल्ला दुसऱ्या आजाराला मारक ठरू शकत होता. म्हणजे डॉक्टरांनी काहीही न चुकता, ग्रंथाबरहुकूम वागून पेशंटचा बळी जाऊ शकतो. ग्रंथ एकेका रोगाचे लिहिले गेले. माणूस मात्र पाच रोग घेऊन दारात उभा राहतो.

गणित तरी करून बघा. पाच औषधे असली तर त्यांच्या आपापसातल्या जोड्या होतात १०. दहा झाली की ४५. बारा झाली की ६६. प्रत्येक जोडी भांडते असे नाही. पण भांडते की नाही हे कुणीतरी बघायला नको?

दुसरे कारण सौजन्याचे, आणि मला त्याचा सर्वांत जास्त राग येतो. ‘दुसऱ्या डॉक्टरने दिलेल्या औषधाला हात लावू नये’ असा एक अलिखित शिष्टाचार आहे. गावातल्या डॉक्टरला दिसत असते की ही गोळी आता नको. पण कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरची गोळी बंद केली आणि उद्या काही झाले तर खापर माझ्या डोक्यावर, या भीतीने तो गप्प बसतो. मोठा डॉक्टर समजतो, खालचा बघून घेईल. खालचा समजतो, वरच्याने विचार करूनच दिली असेल. गोळी सुरू करायला एक सही पुरते, बंद करायला धैर्य लागते. मग हृदयविकारानंतर ठरावीक मुदतीसाठी दिलेली गोळी मुदत उलटून गेल्यावरही चालू राहते, आणि पंधरा दिवसांसाठी दिलेली आम्लपित्ताची गोळी पाच वर्षे रोज सकाळी गिळली जाते. त्या गोळीचेही पुष्कळदा बाकीच्यांशी जमत नाही. ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ सालीच दिला होता. तरी या दोन गोळ्या एकाच डब्यात शेजारी नांदताना मी नंतरही कितीतरी वर्षे पाहिल्या. एक हृदयवाल्याची, दुसरी पोटवाल्याची.

तिसरे, गोळीमागे गोळी. औषधाच्या त्रासाला नवा रोग समजायचे आणि त्यावर नवे औषध द्यायचे. पॉला रोशॉन आणि जेरी गर्विट्झ या दोघांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या साखळीचे साद्यंत वर्णन केले. आक्कांची सूज हे तिचे अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण. तेव्हा कुणी एकाने ‘ही सूज कुठल्या गोळीची तर नव्हे?’ एवढे विचारले असते, तर पुढची तीन पाने लिहिलीच गेली नसती.

चौथे, नावांचा बाजार. एकाच औषधाची डझनावारी नावे, आणि एकाच गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधे. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, गुडघ्याच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाची तर पॅरासिटामॉलचीच. घेणाऱ्याला वाटते आपण तीन वेगळी औषधे घेतोय. अशा मिश्रणांचा सुळसुळाट इतका की सरकारला २०१६ साली ३४४, २०१८ साली ३२८ आणि २०२४ साली १५६ मिश्रणांवर बंदीचे हुकूम काढावे लागले. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये केला, आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. जेनेरिक औषधांच्या दर्जाबद्दल डॉक्टरांनी घेतलेले आक्षेप मी खोटे मानत नाही. पण कंपनीचे नाव लिहायचे तर खुशाल लिहा; त्याखाली मूळ नाव ठळक अक्षरांत लिहायला कोणता दर्जा आड येतो? आक्कांच्या सुनेला दोन्ही पाकिटांवर एकच मूळ नाव ओळखता आले असते, तर तिने दोन गोळ्या दिल्या नसत्या.

आता सीमाभागाचे म्हणून वेगळे काही आहे का? आहे. इथला पेशंट दोन राज्यांत उपचार घेतो. एक डॉक्टर मराठीत सांगतो, दुसरा ‘ऊटद नंतर’ म्हणतो. बाहेरच्याला वाटेल की अडचण भाषेची असणार. मी सांगतो, नाही. ‘ऊटद नंतर’ म्हणजे जेवणानंतर हे आमच्याकडचे शेंबडे पोरही जाणते. दोन भाषांत संसार करायला आम्हांला कुणी शिकवायला नको. गंमत अशी की सामान्य माणसे दोन भाषा असून एकमेकांशी बोलतात, आणि डॉक्टर मंडळी सगळी एकाच इंग्रजीत शिकलेली असून एकमेकांना चार ओळी लिहीत नाहीत! कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यातली खरी सरहद्द आक्कांच्या फाईलमध्ये होती. तिथे ना नाका होता, ना पोलीस; नुसती शांतता होती.

‘डॉक्टरांना वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. एका सकाळी साठ-सत्तर पेशंट तपासणाऱ्याला मी निबंध लिहायला सांगत नाही. काय बदलले, का बदलले, किती दिवसांसाठी, काय बंद केले: चार ओळी. इंग्लंडमध्ये प्रत्येक माणूस एका नेहमीच्या डॉक्टरकडे नोंदलेला असतो आणि इस्पितळाचे पत्र त्याच्याकडे जाते. २०२० पासून तिथे अनेक औषधे घेणाऱ्यांची संपूर्ण यादी फार्मसिस्टकडून सवडीने तपासून घेण्याची पद्धतही पडली आहे. तिथेही रांगा आहेत, तक्रारी आहेत. पण यादी कुणाची, या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

‘आता सगळे संगणकावर येणार आहे’ हा दुसरा आक्षेप. २०२१ साली देशभर डिजिटल आरोग्य योजना सुरू झाली, चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आला. चांगलेच झाले. पण वखारीत माल भरला म्हणजे हिशेब झाला असे नसते; हिशेबाला कारकून लागतो. पाच चिठ्ठ्या एका पडद्यावर दिसल्या, तरी त्या वाचून ‘ही काढा’ म्हणण्याचा अधिकार आणि जबाबदारी कुणाची हे ठरलेले नसेल, तर तो पडदाही बेवारसच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा तीन ठिकाणी विशेष लक्ष द्या म्हणून सांगितले: धोक्याची औषधे व प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधे, आणि एका ठिकाणच्या उपचारातून दुसरीकडे जाण्याची वेळ. आक्का तिन्हींत बसत होत्या. म्हणजे धोका कुठे आहे हे जगाला ठाऊक आहे. आमच्या व्यवसायालाही ठाऊक आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत चिठ्ठी तपासणे आणि पेशंटला समजावून सांगणे हे फार्मसिस्टचे काम म्हणून लिहिलेले आहे. प्रत्यक्षात किती दुकानांत फार्मसिस्टचे फक्त सर्टिफिकेट भिंतीवर हजर असते आणि गोळ्या बारावी नापास पोरगा काढून देतो, हे ग्राहकांनीच सांगावे.

आणि ग्राहकहो, तुम्हीही सुटणार नाही. तज्ज्ञाला हजार रुपये निमूटपणे देणारे आपण गल्लीतल्या डॉक्टरला शंभर देताना कुरकुरतो. त्याने गोळी वाढवली तर तो हुशार. दोन गोळ्या काढल्या तर ‘ह्याला काही कळत नाही’. नुसते बोलून घरी पाठवले तर ‘फी कशाची घेतली?’ एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापासून लपवणारे आपणच. सांध्यांवरच्या निनावी पुड्या गुपचूप घेणारे आपणच. त्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातली पट्टी कापून आणणारेही आपणच. फॅमिली डॉक्टर नावाची संस्था मेली म्हणून आपण हळहळतो. तिला उपाशी कुणी ठेवले?

माझ्या मागण्या साध्या आहेत. दोनपेक्षा जास्त जुनाट आजार असलेल्या प्रत्येक माणसाच्या यादीला एक मालक असावा. शक्यतो गावातला, पायी जाता येईल असा डॉक्टर. तज्ज्ञांनी त्याला लिहावे, त्याने तज्ज्ञांना विचारावे, आणि विचारून बंद करण्याचा त्याचा अधिकार सर्वांनी मानावा. यादी तपासण्याची त्याला वेगळी फी मिळावी, आणि ती आपण आनंदाने द्यावी. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर तीन रकाने असावेत: नवीन, चालू, बंद. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आज नसतो. प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे हे पेशंटला वाचता येणाऱ्या लिपीत लिहावे. मराठी माणसाला मराठीत, कन्नड माणसाला कन्नडमध्ये. फार्मसिस्टने शंका काढली तर तिला उत्तर मिळावे, टोमणा नव्हे.

यात कुठेही नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही, दिल्ली-मुंबई-बंगळूरचा जी.आर. लागत नाही. लागतो तो एकमेकांना विचारण्याचा थोडा मोठेपणा. तो आपल्या वैद्यक व्यवसायात नसेल, तर आपण मागून मागून आणला पाहिजे.

दिवाळीच्या साफसफाईत घरातली प्रत्येक फळी खाली येते. औषधांचा डबा तेवढा वरच्या वर पुसून परत ठेवला जातो. यंदा तो खाली काढा. मात्र त्यातले काही आपल्या मनाने फेकू नका, आपल्या मनाने बंदही करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि स्टेरॉइड एकदम सोडले तर जिवावर बेतते. सगळे, मलमे, थेंब, पुड्या, आसव-अरिष्टांसकट, एका पिशवीत भरा आणि ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एका डॉक्टरच्या टेबलावर ओता. त्याला सांगा, ‘‘डॉक्टर, आज नवीन काही लिहू नका. यातली प्रत्येक कशासाठी आहे आणि कुठली आता नको, एवढेच सांगा. फी दुप्पट घ्या.’’

जो डॉक्टर खुर्ची पुढे ओढून एकेक पाकीट हातात घेईल, तो तुमचा डॉक्टर. जो घड्याळाकडे बघेल, त्याच्या दारावरच्या पदव्या कितीही लांब असोत, त्याच्याकडून पिशवी उचला आणि पुढचे दार ठोठवा.